हे तेल नव्हे, अण्णा

परवा लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीतल्या अण्णांनी माझ्यासमोर मान खाली घातली. मला वाटलं, मेन्टेनन्स थकवल्याची लाज वाटली असेल. पण नाही, डोकं दाखवत होते. "बघ, काही फरक?"

फरक होता. मधली चांद तशीच चकचकीत होती, पण गालफडांवर, थेट डोळ्यांखालच्या हाडापर्यंत, मऊ काळी लव आली होती. पेरलं एकीकडे, उगवलं भलतीकडे.

चौकशी केली तेव्हा कळलं, तीन महिन्यांपासून मिनॉक्सिडिल चालू आहे. कसं लावता? "कसं म्हणजे? रात्री तळहातावर घ्यायचं, टाळूवर थापायचं, खसाखसा चोळायचं आणि आडवं व्हायचं." उशी ओली, गाल ओला. बाटलीसोबत आलेला ड्रॉपर नातवाच्या रंगपेटीत गेलाय. त्यावर 1 मिलीची रेघ होती. तेवढंच सकाळी, तेवढंच संध्याकाळी, केस बाजूला सारून कोरड्या टाळूवर सोडायचं, बोटांच्या टोकांनी हलकेच पसरायचं आणि हात साबणानं धुवायचे. आडवं व्हायच्या आधी दोन तास तरी सुकू द्यायचं. बस्स. पण आपल्याकडे डोक्याला लावायची वस्तू म्हणजे तेल, आणि तेल म्हटलं की हात सैल. ओंजळभर जिरवल्याशिवाय आपल्याला डोक्याला काही लावलं असं वाटतच नाही.

जिरतं, तीच तर पंचाईत आहे. हे औषध मुळात केसांचं नाहीच. अमेरिकेत मिशिगनमधल्या अपजॉन कंपनीची ही रक्तदाबाची गोळी, रक्तवाहिन्या सैल करणारी. 1979 मध्ये तिला परवानगी मिळाली, तीही इतर औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबासाठी. रोग्यांचं प्रेशर उतरलं आणि कपाळावर, दंडावर, पाठीवर केस आले. आपल्याकडे एखाद्याने डॉक्टरवर केस केली असती. कंपनीने त्या दुष्परिणामाचंच दुकान मांडलं आणि 1988 मध्ये पुरुषांच्या टकलासाठी 2 टक्क्यांचं द्रावण बाजारात आलं. तेव्हा बाटलीवर टाळूचं चित्र असलं तरी आतल्या ऐवजाला हृदयाचा रस्ता पाठ आहे. मापाबाहेर लावलं, खाजवून सोललेल्या कातडीवर लावलं, तर ते रक्तात जास्त उतरतं. मग छाती धडधडते, उठल्यावर भोवळ येते, घोटे सुजतात. असं झालं की बाटली बंद करून डॉक्टर गाठायचा.

"अण्णा, तुमची प्रेशरची गोळी चालू आहे ना? डॉक्टरांना हे सांगितलंत?"

"त्यांना कशाला? ते हार्टचे."

बरं, ही बाटली एकट्या अण्णांची तरी आहे का? सूनबाईंचे बाळंतपणानंतर केस गळतात, म्हणून त्याही त्यातलंच लावतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला हे वापरू नये असं सांगतात, आणि बाळंतपणात गेलेले केस बहुधा वर्षभरात आपसूक येतात. शिवाय अण्णांच्या बाटलीत फिनास्टेराइड हे केसगळतीवरचं दुसरं औषधही मिसळलेलं आहे, "दुकानदार म्हणाला, डबल पॉवर." गरोदर बाईने ज्याला हातही लावायचा नाही असं ते प्रकरण घरात शाम्पूशेजारी उभं आहे. आणि नातू? तो आजोबांच्या खांद्यावर बसून ओल्या टकलावर तबला वाजवतो आणि मग तीच बोटं तोंडात घालतो. स्पेनच्या नवारा प्रांतात 2023 मध्ये एका तान्ह्या बाळाच्या पाठीवर आणि पायांवर केस वाढू लागले. शोधता शोधता धागा बापाच्या डोक्यापर्यंत गेला. तो रजा घेऊन बाळ सांभाळत होता आणि टाळूला 5 टक्क्यांचं मिनॉक्सिडिल लावत होता. बाळाचा त्या औषधाशी संपर्क तुटल्यावर केस गेले. मांजर असेल तर काळजी आणखी मोठी. उशीवरचं थोडंसं चाटलं तरी तिच्या जिवावर बेततं.

आणि नीट लावलं तरी पहिल्या काही आठवड्यांत अनेकांचे केस उलट जास्तच गळतात. जुने केस नव्यांना जागा करून देतात. नेमकं तेव्हाच निम्मे लोक घाबरून बाटली फेकतात. उरलेल्यांना निदान चार महिने धीर धरावा लागतो. आणि गुण आलाच, तर सुटका नाही. लावणं थांबवलं की तीन-चार महिन्यांत कमावलेलं सगळं ओसरतं. गृहकर्जाचा हप्ता कधीतरी संपतो. हे घरभाडं आहे, कितीही वर्षं भरा, घर नावावर होत नाही.

तेही केस आनुवंशिकतेने विरळ होत असतील तरच. थायरॉइड, लोह, टायफॉइड, चाई, गळण्याची कारणं बारा. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत बायाबापड्यांचे केस काही दिवसांत मुठीमुठीने हातात आले. आधी शाम्पूवर आळ, मग पाण्यावर. तपासात रक्तात सेलेनियम जास्त निघालं आणि संशय रेशनच्या गव्हावर गेला. तिथे कुठली बाटली कामाला येणार होती? आधी कातडीच्या डॉक्टरांना डोकं दाखवावं. लिफ्टमध्ये मला दाखवून काय उपयोग?

हे सगळं मी अण्णांना तळमजल्यावर उभं करून ऐकवलं. त्यांनी ऐकलंही. मान डोलावली, गालावरची लव कुरवाळली, मनातल्या मनात काही हिशेब केला आणि म्हणाले,

"कळलं. 1 मिली. मग त्यावर थोडं खोबरेल चोळलं तर चालेल ना?"