चक्रवर्णांतर, मुक्काम भोसरी

मराठीत प्रवासवर्णनांची वाण नाही. परंतु मनुष्याने आपल्याच मोटारीच्या चाकांचा सहप्रवासी होऊन, त्यांना गोणपाटावर निजवून आणि स्वतः त्यांच्या पायथ्याशी बसून केलेल्या प्रवासाची हकीकत निदान माझ्या तरी वाचनात आलेली नाही, आणि ती उणीव भरून काढण्याची पाळी माझ्यासारख्या निरुपद्रवी पेन्शनरावर आली ती आमच्या घरात बहुमताने संमत झालेल्या एका ठरावामुळे. ठराव असा की, मोटारीची रुपेरी मॅग व्हील्स यापुढे गडद करण्यात यावीत.

सूचक चिरंजीव, त्यांचा मुद्दा सौंदर्यशास्त्राचा. “बाबा, सिल्व्हर चाकं आता टुरिस्ट टॅक्सीलासुद्धा नसतात.” अनुमोदन सौभाग्यवतींचे, आणि ते निव्वळ व्यवहाराच्या भूमीवर उभे. ब्रेक दाबताच पॅड व डिस्क यांच्या घर्षणातून लोखंडाची सूक्ष्म भुकटी झडते, गाडी थांबविण्याचा मुख्य भार पुढच्या चाकांवर असल्यामुळे ती तेथेच अधिक साचते, आणि रुपेरी रंगावर तिचे जे तपकिरी लेपन चढते ते दर रविवारी जुन्या बनियनने पुसून काढण्याचे वतन माझ्याकडे वंशपरंपरेने नसले तरी कायमचे चालत आलेले आहे. मी कायद्याचा आश्रय घेऊन पाहिला. गाडीच्या अंगाचा रंग नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो, तो बदलावयाचा तर आरटीओच्या दप्तरी रीतसर नोंद करावी लागते, हे मी गंभीरपणे निवेदन केले. परंतु चाकांच्या रंगाविषयी सदर पुस्तक मौन पाळते, हे चिरंजीवांनी तेच पुस्तक माझ्यासमोर उघडून सिद्ध केले. मेहेरबान सरकारने इतक्या बाबींत नाक खुपसावे आणि नेमके हेच एक दालन उघडे सोडावे, याचे मला आजही वैषम्य वाटते.

भोसरीच्या कारखानदाराने दूरध्वनीवरच अटी सांगितल्या. “गाडी आणू नका काका, नुसते रिम आणा. आणि गुरुवारी येऊ नका, आमच्याकडं बंद असतं.” तेव्हा बुधवारी प्रातःकाळी मोटार घोड्यांवर चढवून तिची चारही चाके उतरविण्यात आली. चक्रहीन मोटार पाहून सोसायटीच्या पहारेकऱ्याने अतिशय हळू आवाजात, “साहेब, बँकवाले आले होते का?” अशी सहानुभूतीची पृच्छा केली, आणि मी नकारार्थी उत्तर दिल्यावरही त्याच्या मुद्रेवरील करुणा कमी झाली नाही. कोपऱ्यावरील टायरवाल्याने टायर सोडवून आपल्याकडे ठेवून घेतले व उघडे रिम ‘छोटा हत्ती’ नामक टेम्पोत चढविले. चालकाशेजारची जागा त्याच्या मेहुण्याने आधीच पटकावली होती. “काका, मागं बसून जरा धरता का? एकमेकांवर घासले तर चरे पडतील,” असे तो म्हणाला, आणि ज्या चाकांनी वर्षानुवर्षे मला वाहून नेले त्यांना वाहून नेण्याचे ऋणमोचन मी गोणपाटावर मांडी घालून आरंभिले.

संचेतीच्या चौकापासून वाकडेवाडीपर्यंत विशेष लिहिण्याजोगे काही घडले नाही. खडकीला 1869 सालापासून दारूगोळा बनविणाऱ्या कारखान्याच्या परिसरात मात्र, एवढ्या स्फोटक द्रव्याच्या शेजारी राहून जी वसती अद्याप इतकी सुस्त आहे तिच्या स्वभावाविषयी मला आदर वाटला. हॅरिस पुलावर वाहतूक तुंबली. वरून मेट्रो गेली, आणि तिच्या खिडकीशी उभ्या असलेल्या एका बालकाने चार रिमांच्या मधोमध बसलेल्या वृद्ध गृहस्थाकडे आपल्या मातेचे लक्ष वेधलेले मी स्पष्ट पाहिले. पुढे दापोडीला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा लागली आणि माझ्या मनाला अकस्मात उभारी आली. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेलेली एस.टी.ची पहिली गाडी निळ्या अंगाची व रुपेरी टपाची होती. पुढे लाल रंगाने त्या रुपेरीला असे काही हद्दपार केले की, आज खेड्यातले पोरही एस.टी.ला ‘लालपरी’ म्हणते. रुपेरी वर्ण त्यागण्याच्या बाबतीत सरकारी सेवेचाच पूर्वदाखला सापडल्यावर माझ्यासारख्या माजी हेडक्लार्काला याहून अधिक मंजुरी कोणती हवी? नाशिक फाट्याला वळण घेताना मी रिमांना एका हाताऐवजी दोन्ही हातांनी धरले.

कारखाना म्हणजे पत्र्याचा एक गाळा. मालक तरुण, हात कोपरापर्यंत राखाडी. मी काळा कुळकुळीत रंग मागताच त्याने मान हलविली. “काळ्यावर ब्रेकची धूळ दिसत नाही काका, पण रस्त्याची दिसते. ग्रे घ्या, दोन्ही झाकतो.” मग त्याने नमुन्यांचे पत्रे मांडले, आणि त्यांतील पावसात भिजलेल्या सह्याद्रीच्या कातळासारखा एक करडा मला एकदम पसंत पडला.

यानंतर जे संस्कार झाले ते यथासांग होते. जुना रंग रसायनात सैल करून बारीक खड्यांच्या माऱ्याने झडविला. मग धुऊन रिम भट्टीत एकवार नुसतेच भाजले, कारण ओतीव ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म छिद्रांत दडलेली हवा आधी हाकलली नाही तर ती ऐन रंगाच्या वेळी बाहेर पडून फोड आणते. नट जेथे बसतात तेथे त्याने टेप चिकटविली. तेथे रंगाचा थर राहिला आणि नटाखाली दबला, तर नट ढिला होतो. मग विद्युत्भारित भुकटी बंदुकीने उडविण्यात आली, आणि अर्थिंग केलेल्या त्या धातूकडे ती अशा ओढीने धावली की, समोरून सोडलेले कण वळसा घालून आऱ्यांच्या पाठीलाही जाऊन बिलगले. शेवटी पुन्हा भट्टी. मी पंखा चालू असलेल्या एकमेव कोपऱ्यात स्टुलावर बसून आकडा वाचीत होतो: 180, मग 190. “आणखी चढवत नाही का?” मी विचारले. “नाही काका. रिमला कंपनीतच पाणी दिलेलं असतं; उगाच जास्त भाजला तर मऊ पडतो.” एवढे तारतम्य आमच्या खात्यातील एकाही वरिष्ठाने हाताखालच्या माणसांच्या बाबतीत दाखविले नव्हते, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

परतीचा प्रवास मी पुढच्या आसनावर केला, कारण मेहुणा भोसरीतच राहिला. टायर चढले, बॅलन्सिंगच्या यंत्रावर कडांना चिमुकली वजने चिकटली, आणि टायरवाल्याने निरोप देताना फर्माविले की, शे-पन्नास किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

सौभाग्यवतींच्या हिशेबी पुण्यापासून पन्नास किलोमीटरवर जगात एकच स्थान आहे, ते म्हणजे जेजुरी. तेथे गडाच्या पायथ्याशी मी पान्हा घेऊन उकिडवा बसलो असता कोणा नवपरिणीत जोडप्याच्या मंडळींनी येळकोट करून उधळलेला भंडारा दोन चाकांवर पडला, आणि पाठोपाठ तबक घेतलेले एक गुरव प्रकट झाले. “नवी गाडी का?” मी वस्तुस्थिती सांगण्यासाठी तोंड उघडण्यापूर्वीच मागून सौभाग्यवतींचे “हो” आले. हळद-कुंकू झाले, नारळ फुटला, दक्षिणा नव्या गाडीच्या दराने ठरली, चारही चाकांखाली लिंबे ठेवण्यात आली आणि ती चिरडून गाडी पुढे घेण्याचा हुकूम सुटला. डाव्या बाजूचे नट आवळायचे राहिले होते, म्हणून मी पाच मिनिटांची मुदत मागितली. गुरव म्हणाले, मुहूर्त तीनच मिनिटांचा आहे.