सीटवर रुमाल

अण्णांनी एसटीत ३४ वर्षं काढली. आधी कंडक्टर, मग कराडच्या स्टँडवर कंट्रोलर. एवढ्या वर्षांत त्यांनी विद्यार्थ्यांचे, स्वातंत्र्यसैनिकांचे, पत्रकारांचे आणि पत्रकार नसलेल्यांचे असे किती पास उलटेपालटे करून पाहिले असतील, याची गणती नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतःच्या माजघरातलं एक यंत्र रोज सकाळी आपल्याकडे पास मागतं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

दोष माझाच. माझा दहा वर्षं जुना डेस्कटॉप मीच त्यांच्याकडे नेऊन ठेवला. विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा माझ्या मनात तो भंगारात द्यायचा होता. पण आमच्या घरात ‘चालतंय न्हवं?’ या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर असेल, तर ती वस्तू बाहेर जात नाही. म्हणून त्यावर लिनक्स मिंट चढवलं. हे मुक्त आहे, याचा कोड कुणालाही वाचता येतो, शिवाय फुकट आहे, असं मी अण्णांना सांगितलं.

“फुकट कसं? पंचाहत्तरी झालेली नाही माझी,” अण्णा म्हणाले. एसटीचा फुकट प्रवास ७५ वर्षं पुरी झाल्यावर, बायकांना अर्धं तिकीट. यापलीकडची सवलत त्यांना संशयास्पद वाटते.

पासवर्डही मीच ठेवला होता. बारा अक्षरं, त्यात एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह. अण्णा टाइप करतात उजव्या हाताच्या तर्जनीनं, पूर्वी तिकिटं मोजायचे त्या चालीनं. पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपके उमटतात. आठव्या ठिपक्याला शंका यायची, नवव्याला खात्री पटायची, मग सगळं पुसून पहिल्यापासून. चौथ्या दिवशी फोन आला. “माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर, मी कोण ते मीच सिद्ध करायचं? ह्याला सांग, मी स्टाफ आहे.”

स्टाफला सोडायची सोय लिनक्समध्ये आहे. तिला ऑटोलॉगिन म्हणतात. शनिवारी मी पुण्याहून कराड गाठलं.

आता, लिनक्सच्या दारावर जो राखणदार बसतो त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात, आणि मुक्त जग असल्यामुळे तो एकच नाही. नोम डेस्कटॉपच्या दारात सहसा जीडीएम असतो, केडीईच्या दारात एसडीडीएम, आणि आमच्या मिंटच्या दारात लाइटडीएम. प्रत्येकाची वही वेगळी, वहीत लिहायची भाषा वेगळी. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही. सरकारी कचेरीत जाऊन आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

लाइटडीएमची वही उघडली तर वर चौकटी कंसात मथळा: ‘सीट’, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि एक चांदणी. अण्णा मागे उभे होते. संगणकाच्या पडद्यावर ओळखीचा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच दिसला.

“कुठली सीट? खिडकीची का?”

मी समजावलं की युनिक्सच्या घराण्यात एका यंत्रावर अनेकांनी बसायची जुनी रीत. एक पडदा, एक कीबोर्ड आणि एक माउस मिळून एक सीट. चांदणी म्हणजे सगळ्या सीटा. खाली ‘ऑटोलॉगिन-युजर’ लिहून बरोबरच्या चिन्हापुढे आपलं नाव टाकायचं, की गाडी लागल्यावर कुणी काही विचारत नाही.

“म्हणजे रुमाल,” अण्णा म्हणाले.

खरंच की. लोक दाराशी रेटारेटी करत असताना खिडकीतून आत रुमाल टाकून धरलेली सीट. हा विषय मी बऱ्याच ठिकाणी वाचला होता, पण इतकी नेमकी व्याख्या कुठे मिळाली नव्हती.

रुमाल टाकला. यंत्र बंद केलं, चालू केलं. राखणदारानं शांतपणे पासवर्ड विचारला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. तासाभरानं चूक सापडली: आदरापोटी मी नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहिलं होतं. लिनक्सच्या लेखी मोठ्या ए-चे अण्णा आणि लहान ए-चे अण्णा ही दोन वेगळी माणसं, आणि मोठ्या ए-चे अण्णा त्या यंत्रावर राहतच नव्हते. अशा वेळी राखणदार वाद घालत नाही. नेहमीची खिडकी उघडून बसतो. शिवाय हे सगळं वहीत न शिरता मेन्यूतल्या ‘लॉगिन विंडो’मध्ये एका चौकटीत नाव लिहूनही झालं असतं, हेही त्याच तासात कळलं. अण्णांना ते मी अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वेळी यंत्र थेट आत घेऊन गेलं. अण्णांनी तोंडानं डबल बेल दिली. मग ब्राउझर उघडला, आणि पडद्याच्या मधोमध नवीन चौकट: कीरिंगचा पासवर्ड द्या.

“आत बसल्यावर परत तिकीट?”

इथे थोडं थांबायला हवं, कारण यंत्राचं म्हणणं रास्त होतं. पासवर्ड दारात टाकला की दार उघडतंच, पण तोच पुढे जाऊन आतला किल्ल्यांचा जुडगाही मोकळा करतो. त्या जुडग्याच्या भरवशावर ब्राउझर आपल्या जपून ठेवलेल्या पासवर्डांना कुलूप लावतो. आता दारात कुणी काही बोललंच नाही, तर जुडगा कशानं सुटणार? अण्णा आत आले होते, पण किल्ल्या त्यांच्याकडे नव्हत्या.

हे ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या कमरेला जुडगा होता. आमच्या घरात अण्णांना केव्हाही, कुठूनही प्रवेश आहे. कपाट मात्र आईला विचारून उघडतं. “बरोबर हाय की त्याचं,” ती यंत्राकडे बघून म्हणाली. त्या दिवसापासून तिचं आणि यंत्राचं जमलं.

उपाय आहे. जुडग्याचा पासवर्ड कोरा ठेवायचा. तसं करताना यंत्र बजावतं की मग आतलं सगळं उघड्यावर पडेल. मी आईकडे पाहिलं, आईनं अण्णांकडे पाहिलं, आणि मी पासवर्ड कोरा केला. अण्णांनी ब्राउझरमध्ये जपून ठेवलेला एकमेव पासवर्ड वीजबिलाचा होता. तो चोरून कुणी बिल भरत असेल तर आमची हरकत नव्हती.

रविवारी मी निघालो. सोमवारी फोन. अण्णा चहाला उठले, पेपर वाचून परत आले, तर पडद्यावर कुलूप. ऑटोलॉगिन फक्त गाडीत चढताना चालतं. मध्येच थांब्यावर उतरलात तर स्क्रीन लॉक पुन्हा पास मागतो, त्याचं खातं निराळं. ते सेटिंग मी विसरलो होतो. “अण्णा, तेवढा पासवर्ड टाका, या शनिवारी येऊन—”

“काय गरज नाही. मी बटण दाबलं. बंद केलं, चालू केलं. चढलो रुमालावर.”

मी गप्प झालो. सुरक्षेची ही अख्खी तटबंदी त्यांनी एका बोटानं ओलांडली होती, तेही त्याच तर्जनीनं. बटण धरून ठेवून बंद करू नका, एखादी फाइल बिघडेल, एवढंच मी कसंबसं म्हणालो.

पुढच्या शनिवारी लॉक काढला. तेवढ्यात आईनं आपलं वेगळं खातं मागितलं. भिशीचा हिशेब ठेवायचा म्हणाली. ऑटोलॉगिनला दहा सेकंदांचा थांबा दिला, म्हणजे तेवढ्यात तिला आपलं नाव निवडता येईल. तिलाही पासवर्डाविना सोडू का, असं विचारलं, तर तिनं मला खोलीबाहेर काढलं आणि पासवर्ड स्वतः टाइप केला. दार लोटून.

काल रात्री साडेदहाला अण्णांचा फोन. आवाज अगदी खाली.

“तुझ्या आईचा पासवर्ड काय असंल रं?”

“तुम्हाला कशाला हवाय?”

“अचानक तपासणी,” अण्णा म्हणाले, आणि मागून किल्ल्या वाजल्या तसा फोन ठेवला.