कंडेन्सर गेला!

अमेरिकेतल्या डुलूथ गावी ऐन जुलैत एका मराठी घरातला एसी बंद पडला. अंगणातल्या युनिटमधून नुसतं घुंऽऽ येत होतं, वरचा पंखा काही फिरेना. घरमालक मूळचे नागपूरचे, म्हणजे कूलरचा पंखा असा घुमायला लागला की काय गेलं हे जिथं शाळकरी पोरालाही कळतं, त्या गावचे. त्यांनी जाळीतून काडी घालून पात्याला ढोसलं. पातं फिरायला लागलं. निदान पक्कं. मग कंपनीला फोन लावून त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "कंडेन्सर गेला."

पलीकडची मुलगी हळहळली. "पोलिसांत कळवलंत का?"

तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे पंख्यापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत त्या छोट्या गोल डबीला सगळे कंडेन्सर म्हणतात. डबीचं खरं नाव कपॅसिटर. अमेरिकेत कंडेन्सर म्हणजे अंगणातलं ते अख्खं धूड, आणि आतल्या तांब्यापायी ते तिकडे खरोखरच चोरीला जातं. चोरी नाही, बिघाड आहे, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. कपॅसिटर हा शब्द गृहस्थांना आठवला तो फोन ठेवल्यावर. तोवर कंपनीच्या संगणकात नोंद झाली होती : कंडेन्सर, बदलणे.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आलाच नाही, विक्रेता आला. बुटांवर निळी प्लास्टिकची टोपडी, हातात टॅब्लेट. युनिट न उघडता त्यानं पाटीवरचं साल वाचलं, आयसीयूबाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला आणि सांगितलं, चौदा वर्षं झालीत, यांचं आयुष्य साधारण पंधरा. शिवाय यातला आर-४१०ए वायू २०२५ पासून नव्या घरगुती यंत्रांतून हद्दपार व्हायला लागलाय. बाहेरचं युनिट नवं घेतलं तर आतली कॉइलही त्याला जुळणारी हवी. टॅब्लेटवर तीन रकाने उमटले : सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सर्वांत गरीब सिल्व्हर ९,८०० डॉलरला.

गृहस्थांच्या आई महिन्याभरासाठी नागपूरहून आल्या होत्या. त्या सोफ्यावर स्वेटर घालून बसल्या होत्या. "काऊन रे, मी इथं कुडकुडून राहिली अन् तू थंडीचं मशीन दुरुस्त करून राहिला?"

प्रश्न अगदी रास्त. डुलूथ लेक सुपीरियरच्या काठावर आहे. जुलैतलं सरासरी कमाल तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास; नागपूरला एवढ्यावर लोक कानटोपी काढतात. गेल्या शतकात या गावानं 'वातानुकूलित शहर' अशी स्वतःची जाहिरात करून उन्हाळी पाहुणे बोलावले. हवामान सांगणारे आजही अंदाजाला 'तळ्याकाठी आणखी गार' असं शेपूट जोडतात. २०२२-२३च्या हिवाळ्यात तिथं १४० इंच बर्फ पडला, म्हणजे साडेअकरा फुटांहून जास्त. अशा गावात एसी लागतो कशाला? तर वर्षाकाठी तीनेक आठवडे तळ्यावरचं वारं फिरतं, लाकडी घरं तापतात, आणि अलीकडे कॅनडातले वणवे पेटले की धूर सरळ खाली येतो. निसर्गाचा फुकटचा एसी खिडकीबाहेर चालू असतो आणि खिडकी उघडायची सोय नसते.

म्हणजे वर्षाला तीन आठवडे. चौदा त्रिक बेचाळीस. जन्माला येऊन हे यंत्र बेचाळीस आठवडे चाललंय, त्याचा अजून पहिला वाढदिवसही व्हायचाय. बाकीचा सगळा काळ ते बर्फाखाली झोपलेलं होतं. गृहस्थांनी एका वर्षी मायेनं त्याला ताडपत्रीचं कुंचडं शिवलं, तर आत ओल धरली आणि उंदरांनी संसार मांडला. दुसऱ्या वर्षी उघडं ठेवलं, तर छपरावरून घसरलेल्या बर्फानं जाळी चेपली. एका जूनमध्ये कॉटनवूडच्या झाडांचा कापूस त्याच्या अंगावर गोधडीसारखा बसला. म्हणजे हे यंत्र आजारी पडतं ते कामानं नव्हे, आरामानं. सरकारी खात्यातले आपले काही ओळखीचे असेच असतात. पण निदान त्यांना उठवायला आलेला माणूस नुसतं दार वाजवल्याचे १२९ डॉलर घेत नाही.

होय, १२९. 'सर्व्हिस कॉल.' ही येण्याची किंमत, दुरुस्तीची वेगळी. कपॅसिटरचं काम ३८९ डॉलरचं, असं चौकशीअंती कळलं. वस्तू कोल्ड्रिंकच्या कॅनएवढी, वर तीन टोकं : एक सामाईक, एक कॉम्प्रेसरचं, एक पंख्याचं. ४५ अधिक ५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. दुकानात पंचवीस डॉलरच्या आसपास मिळते. बिघडली की पुष्कळदा तिचं डोकं पुरीसारखं फुगतं, म्हणजे निदानाला तज्ज्ञही लागत नाही, भूक लागलेला माणूस पुरतो. मान्य, ती निष्काळजीपणे उघडणं धोक्याचं, वीज बंद केल्यावरही तिच्यात भार शिल्लक राहतो. मान्य, वायू हाताळायला तिकडे परवाना लागतो. पण कपॅसिटरमध्ये वायू नसतो हो! दोन स्क्रू, तीन वायरी, दहा मिनिटं. तरीही दरपत्रकात वस्तूचा भाव कुठं दिसत नाही, मजुरीचा दिसत नाही. दिसतं ते 'कपॅसिटर बदल, स्तर २'. स्तर १ काय असतो ते आजवर कुणाला कळलेलं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं : सीझन आहे साहेब, गर्दी आहे. जुलैत एसीची गर्दी. जानेवारीत उणे तीसला फर्नेसची गर्दी, तेव्हा तर रात्रीचा दर वेगळा. मग या गावात गर्दी नसलेला ऋतू कोणता? तर एप्रिल. एप्रिलमध्ये 'वसंत ट्यून-अप'चं कूपन दारात येऊन पडतं, ८९ डॉलर फक्त. पण बाहेर साठ फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे सोळा अंश सेल्सिअसहून गार असेल, तर एसीतला वायू नीट तपासता येत नाही आणि यंत्र चालवणंही कॉम्प्रेसरला बाधतं. डुलूथचा एप्रिल साठला शिवला तर लोक आइस्क्रीम आणतात. म्हणजे ८९ डॉलरमध्ये माणूस येतो, युनिटकडे बघतो, युनिट त्याच्याकडे बघतं, आणि तो पाटीवर स्टिकर लावून जातो. मुलगी बघायला येऊन पोहे खाऊन परतणारी मंडळी तरी बरी, ती पोह्यांचे पैसे मागत नाहीत!

गृहस्थांनी सिल्व्हर नाकारलं, गोल्ड नाकारलं, आणि कपॅसिटर हा शब्द तीनदा स्पष्ट उच्चारून मेकॅनिकची वेळ घेतली. नऊ दिवसांनंतरची मिळाली. ते नऊ दिवस त्यांनी काडीवर काढले. दर वेळी एसी सुरू झाला की अंगणात धावत जायचं आणि पात्याला ढोसायचं. शेजाऱ्यांना वाटलं, हे धार्मिक आहे.

नवव्या दिवशी मेकॅनिक आला. त्याच पहाटे वारं तळ्याकडून फिरलं होतं, पारा तेरावर. त्यानं सात मिनिटांत डबी बदलली, पंखा फिरवून दाखवला आणि वायूचा दाब मात्र तपासता येणार नाही म्हणाला, बाहेर फार गार आहे. त्यासाठी ऊन पडलं की पुन्हा यावं लागेल. पुन्हा येण्याचे १२९.

रात्री आईंचे दात वाजायला लागले. गृहस्थांनी भर जुलैत थर्मोस्टॅट 'हीट'वर टाकला. तळघरात फर्नेस पेटली, वारा खेळवणाऱ्या मोटारीनं सुरू व्हायचा यत्न केला, आणि घरभर ओळखीचा आवाज आला : घुंऽऽ.

"बाप्पा!" आई म्हणाल्या, "कंडेन्सर गेला न रे!"

गृहस्थ काडी शोधायला अंगणात गेले.