काळीज मोडा, गाणं जोडा: नवशिक्यांसाठी कंट्री गीतलेखन

कंट्री गाणं लिहायला गळा, गिटार किंवा काव्य यांपैकी काहीच सक्तीचं नाही. खालचा क्रम पाळा, बाकी सगळं आपोआप होतं.

१. आधी गाव सोडा. गावात राहून गावाची आठवण येत नाही, नुसते डास चावतात. थेट अमेरिकेतलं नॅशव्हिल गाठा, कंट्री संगीताची पंढरी. तिथल्या म्युझिक रो नावाच्या वस्तीत दोघं-तिघं गीतकार सकाळी वेळ ठरवून भेटतात, कॉफी पितात आणि विरह उरकून जेवायला जातात. तुम्हीही दुःखाची अपॉइंटमेंट घ्या.

२. मग गाण्यासाठी गाव निवडा. पाहिलेलंच हवं असं नाही. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' सुचलं ते मेरीलँडच्या रस्त्यावर. गीतकार बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट यांनी तोवर वेस्ट व्हर्जिनिया पाहिलंही नव्हतं. गाण्यातली शेनँडोआ नदी त्या राज्याच्या जेमतेम एका कोपऱ्यातून वाहते. तरीही २०१४ मध्ये राज्यानं ते अधिकृत गीत करून टाकलं. भूगोलात नापास झालात म्हणून खचू नका.

३. सामान भरा: आई, आगगाडी, ट्रक, तुरुंग, दारू. गायक डेव्हिड ॲलन को यांनी १९७५ च्या एका गाण्यात ही यादी चक्क बोलून दाखवली आणि मग सगळा ऐवज एकाच कडव्यात कोंबला. आई धडधाकट असेल तर तिची आधी माफी मागून ठेवा.

४. गीतकार हार्लन हॉवर्ड म्हणत, तीन कॉर्ड आणि सत्य एवढं पुरे. तीन कॉर्ड आजच शिका. सत्याचं पुढं बघू.

५. रडायचं काम पेडल स्टील गिटारवर सोपवा. हे वाद्य टेबलासारखं मांडतात. डाव्या हातात धातूची दांडी, पायाखाली पेडलं, गुडघ्यांशी खटके. पेडल दाबलं की सूर वळत वळत चढतो आणि श्रोत्याला हुंदका फुटतो. वादकाला रडणं परवडत नाही, डोळे पुसायला त्याचा एकही अवयव रिकामा नसतो.

६. शेवटी कुणालातरी मारा. कर्ली पुटमन यांच्या 'ग्रीन, ग्रीन ग्रास ऑफ होम'मध्ये नायक गावी येतो, आईबाप आणि प्रेयसी भेटतात. मग कळतं, ते स्वप्न होतं. गडी तुरुंगात देहदंडाची वाट बघतोय. पुटमन यांनीच बॉबी ब्रॅडक यांच्यासोबत लिहिलेल्या 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'मध्ये नायकाचं प्रेम आटतं, कारण नायकच आटोपतो. ते गाणाऱ्या जॉर्ज जोन्स यांना हे गाणं फारच सुतकी वाटलं होतं. १९८० मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. सुतकाला मरण नाही.

७. गाणं गाजलं की गाव सत्काराला बोलावेल. जा, हार घ्या, पण मुक्काम करू नका. सकाळी बाजारात, जिच्यावर गाणं लिहिलंत ती भेटेल, नवऱ्याबरोबर, चांगली सुखात. तुमची विचारपूसही करेल. दुसऱ्या गाण्याचं मग काय करणार?