भावी पिढीचा अर्ज

ठाण्यात आजवर सर्वाधिक नारळ जिच्या नावाने फुटले, ती अजून जन्माला आलेली नाही. तिचे नाव भावी पिढी. उद्यान तिच्यासाठी, उड्डाणपूल तिच्यासाठी, बोगदा तिच्यासाठी आणि बोगद्यापायी तोडलेल्या झाडांच्या बदल्यात कुठेतरी लावायची रोपे तर केवळ तिच्याचसाठी. लाभार्थी असावा तर असा. रांगेत उभा राहत नाही, माहितीचा अधिकार टाकत नाही आणि मतदार यादीत नाव नसल्यामुळे निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकिटाची वाटही पाहत नाही.

या लाभार्थीची सर्वांत मोठी ठेव आमच्या वागळे इस्टेटच्या पाठीशी आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत इथे वसली. रस्त्यांना नावे देण्यात वेळ दवडायचा नाही असे ठरले असावे. रोड नंबर १६, २२, २८ अशी नुसती मोजणी झाली. कारखाने आले, कामगार आले, पुढे बरेच कारखाने गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. या उलाढालीत जागचा हलला नाही तो फक्त मामा-भांजेचा डोंगर. रामनगर, रूपादेवी पाडा या वस्त्या त्याच्या पायथ्याला टेकल्या आहेत आणि तिथून वर पसरले आहे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात. तरी ठाणेकरही म्हणताना म्हणतो, ‘बोरिवलीचं नॅशनल पार्क’. जंगल आमचे, पत्ता बोरिवलीचा. जिल्ह्याला याची सवय आहे. धरणे आमच्या शहापुरात, नळ मुंबईत.

हे जंगल राखले कोणी? साहेबाला झाडांचा फार पुळका होता असे नाही. मुंबईला प्यायला पाणी नव्हते. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. तलाव भरायचा तर भोवतालची झाडी राहिली पाहिजे, एवढा हिशेब साहेबाला येत होता. जंगल टिकले ते तहानेच्या जोरावर. आता बहुतेक पाणी भातसा-वैतरणेहून येते, त्यामुळे त्या झाडीशी आपले नाते अगदी निरपेक्ष झाले आहे. चौरस फुटाचा दर सोडला तर तिच्याकडून आपली काही म्हणता काही अपेक्षा नाही.

जंगलाच्या कडेला राहण्याचे दोन प्रकार आहेत. पत्र्याखाली राहिलात तर अतिक्रमण. बाविसाव्या मजल्यावर राहिलात तर निसर्गाचे सान्निध्य. ७ मे १९९७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. असे आदेश झाले म्हणून आज तिथे काही हिरवे उरले आहे, हे कबूलच करायला हवे. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या मतदार यादीत ज्यांचे नाव, त्यांनी सात हजार रुपये भरायचे आणि पर्यायी जागेत जायचे असे ठरले. जागा कुठे? कल्याणजवळ शिरढोणला. जंगल वाचवायचे तर गरिबाला कल्याणपलीकडे लावायचे, हा आपल्या पर्यावरणशास्त्राचा पहिला सिद्धांत. रोजगार इकडे आणि घर तिकडे, म्हणून ती योजना रुतली आणि पुढे चांदिवलीतल्या पुनर्वसनाचा अध्याय सुरू झाला. धडा मात्र पक्का मिळाला. सात हजारांत जंगलातून बाहेर पडता येते. आत डोकावण्याचे दर वेगळे आहेत, ते साइट ऑफिसात विचारावेत.

तिथे मिळणाऱ्या गुळगुळीत माहितीपत्रकावर फुलपाखरू असते, मोर असतो, योगासने करणारी तरुणी असते. बिबट्या नसतो. शेजारी कोण राहतो हे घर विकताना सांगायचे नसते. तो शेजारी २० फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे स्वतःच ओळख करून द्यायला आला. ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये शिरला, तिथून समतानगरातल्या एका हॉटेलात गेला आणि काही तासांनी वन विभागाने त्याला बेशुद्ध करून नेले. मॉलमध्ये त्याने काहीच खरेदी केली नाही, तेव्हा तो घुसखोर ठरला हे रीतीला धरूनच झाले. खरे तर १९९५ पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करणे त्याच्या घराण्याला मुळीच जड गेले नसते. अडले असते ते सात हजारांपाशी.

माणूस आणि जंगल यांच्यामध्ये थोडे अंतर असावे म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. त्याची रुंदी कुठे चार किलोमीटर, तर कुठे शंभर मीटर. शंभर मीटर अंतर उसेन बोल्टने ९.५८ सेकंदांत कापले होते. बिबट्या त्याहून लवकर येतो. आपला एखादा बांधकाम व्यावसायिक त्या दोघांच्या आधी पोचलेला असतो.

कागदावरच्या जंगलाची कथा तर याहून रसाळ आहे. १९५६-५७ च्या सुमारास मुलुंड-ठाणे भागातल्या जमीनमालकांच्या नावे खासगी वनांबाबत नोटिसा निघाल्या आणि दफ्तरात गाढ झोपी गेल्या. १९७५ साली महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा आला आणि अशी वने सरकारजमा झाली. ही बातमी सरकारने बराच काळ स्वतःपाशीच ठेवली. दरम्यान त्या जमिनींवर नकाशे मंजूर झाले, इमारती उठल्या, वास्तुशांती झाल्या, मुंजी लागल्या. २००८ मध्ये उच्च न्यायालय म्हणाले, हे जंगलच. हजारो कुटुंबे एका दिवसात वनवासाला गेली. पाचव्या मजल्यावर, लिफ्टने. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या खटल्यात निकाल फिरवला. नुसती नोटीस काढून पुढे काही केलेच नाही, तर तेवढ्यावर जमीन वन ठरत नाही. रहिवाशांचा जीव भांड्यात पडला, आणि पडायलाच हवा होता. त्यांनी कर्ज काढून घर घेतले होते, पुराणवस्तू संशोधन करून नव्हे. पण एक कळून चुकले. जंगल राखायला वनरक्षक लागतो तितकाच वेळेवर येणारा पोस्टमनही लागतो.

एकेकट्या झाडासाठी वेगळी सोय आहे. वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड ‘वारसा वृक्ष’, आणि झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी झाडे लावायची. हेतू सोन्यासारखा आहे. मात्र यामुळे झाडांवर, लग्नाला उशीर झालेल्या उपवरांप्रमाणे, वय चोरण्याची पाळी येणार. ज्या वडाच्या पारावर आजोबांनी सूरपारंब्या खेळल्या, तो अर्जात एकोणपन्नासचा निघाला तर नवल वाटू देऊ नका. त्याच्या बदल्यात लावलेली एकोणपन्नास रोपे कुठे आहेत, हे विचारू नये. ती भावी पिढीकडे आहेत.

१३ जुलै २०२४ रोजी ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन झाले. सुमारे बारा किलोमीटरचा मार्ग, त्यातला दहा किलोमीटरहून जास्त भाग जमिनीखालून, टिकुजिनीवाडीपासून मागाठाण्यापर्यंत. घोडबंदर रस्त्यावर ज्याने आयुष्याचा उत्तरार्ध काढला आहे, त्याला या बोगद्याविरुद्ध बोलवत नाही, मलाही नाही. जंगल वर, गाड्या खाली, दोघांचे तोंड दोघांनी पाहायचे नाही. फक्त पुढे एखाद्या पोराला विचाराल, ‘नॅशनल पार्क पाहिलंस का रे?’ तर तो म्हणेल, ‘रोज पाहतो. काळं असतं.’

उद्यानाच्या कुशीतल्या येऊरला मात्र काळोखाचा प्रश्न सुटला आहे. तिथल्या बेकायदा टर्फ आणि हॉटेलांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोचला. निसर्गाच्या ओढीने माणूस डोंगर चढतो आणि वर गेल्यावर त्याला प्लॅस्टिकचे गवत, फ्लडलाइट आणि डीजे लागतो. खरे गवत दहा पावलांवर असते, पण त्यावर चेंडू नीट उसळत नाही. पाड्यातल्या आदिवासीने कुडाच्या चार काठ्या बदलल्या की नियमावलीतले प्रत्येक पान फडफडते. प्लॅस्टिकचे गवत उगवताना म्हणे कोणाला दिसलेच नाही.

ज्यांना जंगल परवडत नाही त्यांच्यासाठी २०२४ मध्ये कोलशेतला ग्रँड सेंट्रल पार्क खुले झाले. क्षेत्र साडेवीस एकर. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ८४३ एकरांचे. नाव आणायला जागा लागत नाही, हे एक बरे. तरी तिथे लोक तिकीट काढून जातात, पोरांना पळू देतात, सावली शोधून डबा उघडतात. माणसाला हिरवे हवे असते, त्याची भूक खोटी नाही. म्हणूनच पाठीमागे १०३ चौरस किलोमीटर असताना आपण साडेवीस एकरांवर टाळ्या का वाजवतो, हा प्रश्न अडचणीचा आहे.

आणि आता खरी अडचण. भावी पिढी यायची आहे असे आपण धरून चाललो आहोत. ती येऊन चुकली! तुळशीभोवतीची झाडी राखणाऱ्यांच्या, डोंगराला राष्ट्रीय उद्यान करणाऱ्यांच्या, १९७५ चा कायदा लिहिणाऱ्यांच्या हिशेबात जी भावी पिढी होती, ती म्हणजे रोड नंबर १६ वर शेअर रिक्षाच्या रांगेत घाम पुसत उभे असलेले आपणच. आपल्यासाठी कोणीतरी हा डोंगर राखून ठेवला होता. आपण आलो, डोंगराकडे मान वर करून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला: ‘एफएसआय किती मिळेल?’

तेव्हा पुढच्या भावी पिढीने आमच्यासारख्या विश्वस्तांवर विसंबू नये. तिने सरळ प्रभाग समितीत अर्ज करावा, की आमच्या वाट्याचा डोंगर आमच्या नावे राखून ठेवावा. अर्ज परत येईल, पण शेरा काय असेल हे आधीच कळलेले बरे:

‘अर्जदाराने जन्मदाखला व रहिवासाचा पुरावा जोडलेला नाही. जागेची पाहणी केली असता तेथे झाडांव्यतिरिक्त काहीही आढळून आले नाही. सबब जागा मोकळी आहे. अर्जदाराने जन्म घेऊन मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. तोपर्यंत अन्य अर्जदारांना प्राधान्य देण्यात येत आहे.’