निद्रिस्त यंत्राचा पंचनामा

मामांनी दाभोळचे घर बंद करून मुंबईस मुलाकडे कायमचा मुक्काम हलविला, तेव्हा त्यांच्या स्थावर-जंगम मिळकतीपैकी जे जे मुंबईच्या दोन खोल्यांत मावणे अशक्य होते ते ते सर्व त्यांनी मोठ्या वत्सलतेने आम्हांस बहाल केले. या मिळकतीत एक लाकडी होडी होती, आणि पडवीच्या कोपऱ्यात लाकडी घोडीवर टांगून गोणपाटाने झाकलेले, होडीच्या पाठीमागे लावावयाचे 8 अश्वशक्तीचे एक यंत्र होते. त्यावरून किती पावसाळे उलटले होते याची नोंद कोणत्याच दफ्तरी नव्हती. मामांचा दाखला एवढाच की, ‘ठेवले तेव्हा उत्तम चालत होते.’ हे वाक्य उच्चारणारा मनुष्य कधी खोटे बोलत नसतो, आणि ऐकणाऱ्यास त्याचा कवडीचा उपयोग नसतो.

किनाऱ्याचे पंचांग ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे सांगावयास नको की, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सरकारी मनाई असते, त्या मुदतीत होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण झाला की बंदरावर जिकडेतिकडे यंत्रे जागविण्याची धांदल उडते. मामांचे यंत्र आम्ही अंगणात काढले ते नेमके या पर्वकाळात. त्यामुळे आपापली यंत्रे सुरू करून हात मोकळे झालेली, पण सल्ल्याचा साठा अद्याप शिल्लक असलेली बरीच अनुभवी मंडळी आमच्या आवारात आपण होऊन हजर झाली. बोलावणे कोणासच नव्हते. त्यांत शेजारचे तांडेल होते, निवृत्त मास्तर होते, आणि धोपाव्याच्या फेरीबोटीत बसून वर्षानुवर्षे इंजिनाचा आवाज भक्तिभावाने ऐकत आलेले एक खोत होते; या श्रवणभक्तीच्या जोरावर खोतांनी अध्यक्षपद स्वीकारले.

असल्या यंत्राच्या माथ्याशी दोरीची एक मूठ असते. ती ओढली की आतले जड चाक फिरते, चाकातील चुंबक तारेच्या वेटोळ्यांवरून जातात, त्यायोगे वीज उत्पन्न होते आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. बॅटरीची गरज नाही. हे झाले शास्त्र. व्यवहारात मात्र आपल्या लोकांची अशी दृढ श्रद्धा आहे की, यंत्र चालू न होण्याचे कारण यंत्रात नसून ओढणाऱ्याच्या दंडात असते. यास्तव एकाने ओढूनही यंत्र ढिम्म राहिले की दुसरा त्यास बाजूस सारतो, ‘अहो, अशी नव्हे!’ असे म्हणतो, आणि अगदी तशीच ओढतो. तांडेल म्हणाले, “भाऊ, चोक पुरता ओढा.” मास्तर म्हणाले, “आता आत सारा.” खोत काहीच न म्हणता मान हलवीत राहिले, आणि त्यांचेच म्हणणे सर्वांस अधिक पटल्यासारखे दिसले.

अखेर खोतांनी ‘प्लग ओला झाला’ असा निकाल दिला. प्लग काढून पाहिला तो कोरडा ठणठणीत. या पुराव्याचा अर्थ काय याची चौकशी तेथेच झाली असती तर पुढील बराच कालापव्यय टळता. परंतु पंचांस पुराव्यापेक्षा प्रयोगात अधिक रस होता. प्लग तारेसह यंत्राच्या अंगास टेकवून, पडवीच्या अंधारात दोरी ओढून ठिणगी पाहावी, असा या क्षेत्रातील शिरस्ता आहे. टेकवून धरावयाचे काम मास्तरांनी अंगावर घेतले आणि विद्युत्प्रवाहाविषयी ते प्रास्ताविक करू लागले. तोच तांडेलांनी दोरी ओढली. ठिणगी पडली, निळी व जोमदार पडली; मास्तरांचे प्रास्ताविक मात्र कर्त्यापाशीच थांबले आणि क्रियापद अखेरपर्यंत आले नाही.

मग चहा आला. चहाबरोबर मास्तरांनी, बोटे चोळीत, या यंत्राचा इतिहास सांगितला. नॉर्वेत जन्मून अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरुड नावाच्या कारागिराने, वल्हवीत आणलेले आइस्क्रीम वाटेतच वितळून गेल्याच्या दुःखातून हे यंत्र कल्पिले अशी आख्यायिका आहे, आणि 1909 पासून मिलवॉकी शहरातून त्याने ते बाजारात आणले ही वस्तुस्थिती. त्याची पत्नी बेस ही व्यवहारचतुर बाई. तिने जाहिरातीत लोकांस चक्क वल्ही फेकून देण्याचा सल्ला दिला. हे ऐकून तांडेल इतके हसले की चहा बशीत सांडला. “त्या बाईस वाशिष्ठीत आणा,” ते म्हणाले. चिपळूणच्या बाजूस वाशिष्ठीत मगरी आहेत हे ज्यास ठाऊक आहे त्यास, मध्यप्रवाहात यंत्र निमाले असता वल्ह्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

इतक्यात मिस्त्री आले. त्यांनी कोणास नमस्कार केला नाही, काही विचारले नाही. टाकीचे झाकण उघडून वास घेतला आणि ते सर्व द्रव्य एका डब्यात ओतून दूर ठेवविले. पेट्रोल ही चीज साठविण्याची नव्हे हे सांगूनही लोकांस पटत नाही. त्यातील हलका अंश उडून जातो व मागे डिंकासारखा चिकट गाळ उरतो. शिवाय अलीकडे त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉलास ओलाव्याची मोठी ओढ. कोकणच्या श्रावणात त्यास ओलाव्याची टंचाई भासण्याचा संभव नाही.

“प्लग कोरडा होता ना?” मिस्त्रींनी एवढेच विचारले, आणि कार्बोरेटर उतरविला. त्याच्या वाटीत तळाशी तांबूस थर बसला होता. वाटीवरच्या खांबातून त्यांनी पितळेचा एक लहानसा जेट काढून उजेडासमोर धरला. त्याच्या मधोमध जे छिद्र असावयास हवे ते दिसेना. राळ ओतून कोणी मोहोर लावावी तसे ते बंद झाले होते. मास्तरांनी तत्परतेने सुई आणविली. मिस्त्रींनी ती परत केली. पोलादी सुईने पितळेचे छिद्र रुंदावते आणि मग ते यंत्र जन्मभर पेट्रोल अधिक पिते. त्यांनी विजेच्या वायरीतील तांब्याचा एक केस सोडवून घेतला आणि तो अशा सावकाशीने त्या छिद्रातून फिरविला की सगळे पंच श्वास रोखून पाहू लागले. सुईच्या टोकाएवढा प्रकाश पलीकडून दिसला. आमच्या मते त्या दिवशीचे खरे काम एवढेच झाले, आणि त्याचा आवाज मुळीच झाला नाही.

नंतर ताजे पेट्रोल आले, लिटरामागे 20 मिलिलिटर तेल त्यात मिसळले गेले, आणि यंत्र पाण्याच्या पिंपावर चढविले. कारण पाण्यावाचून ते चालविले तर पाणी खेचणारे रबरी चक्र घासून जळून जाते. मिस्त्रींनी दोरी ओढली. निळा धूर निघाला, एक खोकला, दुसरा खोकला, आणि यंत्र असे गरजू लागले की खोतांनी ‘मी सांगितलेच होते’ असे जे उद्गार काढले ते सुदैवाने कोणास ऐकू गेले नाहीत.

पण “धार?” असे तांडेल ओरडले. यंत्राच्या कुशीत एक बारीक भोक असते, त्यातून पाण्याची धार पडली म्हणजे आत गारवा पोहोचतो आहे असे समजावयाचे. धार पडत नव्हती. यंत्र तत्काळ बंद झाले व वाद चालू झाला. रबरी चक्र गेले, ते मुंबईहून आणावे लागेल, ते येईतो दिवाळी उजाडेल, असा ठराव मंजूर होण्याच्या बेतात असता मिस्त्रींनी तोच तांब्याचा केस दुहेरी पिळून त्या भोकात घातला. आतून प्रथम सुक्या मातीचा चुरा आला, मग आणखी माती आली, आणि मातीमागून मूर्च्छित अवस्थेतील दोन हिरव्या अळ्या. कुंभारीण माशी! मामांनी घर सोडले ही बातमी तिला वेळीच लागली असावी, आणि तिने ही जागा रीतसर वहिवाटीत आणून पुढील पिढीच्या अन्नाची तजवीजही करून ठेवली होती. तिचा निवाडा होताच यंत्र पुन्हा सुरू झाले आणि धार पिंपाबाहेर जाऊन थेट खोतांच्या धोतरावर पडली.

मिस्त्रींनी जाताना दोन हुकूम दिले. पावसाळ्यापूर्वी यंत्र गोड्या पाण्यावर चालवून, मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे वाटी कोरडी राहते. आणि कुशीतल्या भोकावर कापडाची चिंधी बांधावी. ज्यांच्या पडवीत असे यंत्र असेल त्यांनी हे दोन्ही हुकूम आजच लिहून घ्यावेत. आमचे यंत्र सध्या चालू आहे. दाभोळास येणे झाले तर आपणांस अंजनवेलपर्यंत अवश्य फिरवून आणू. होडीत वल्ही दोन आहेत, त्यांतील एक आपण घ्यावे.