चिंचोक्यांचा हिशेब

भिवपुरीच्या भाताच्या खाचरात रात्री साडेअकराला लख्ख उजेड दिसला, तर एकतर कुणाची तरी हळद असते, नाहीतर टेनिस क्रिकेटची टुर्नामेंट. डीजे दोन्हीकडे सारखाच. जेवण हळदीला बरं, बक्षिसं टुर्नामेंटला.

मी गेलो होतो ते टुर्नामेंटला. कापणी होऊन महिना-दीड महिना झालेला, बांध सपाट केलेले, मधोमध रोलर फिरवून पट्टी केलेली. पोस्टरवर नेते इतके होते, की खेळाडूंची नावं छापायला जागाच उरली नव्हती. दर गावाला एक चषक असतो आणि दर चषकामागे एक इच्छुक असतो, त्यामुळे आमच्या कर्जत-खालापूर भागात दिवाळीपासून पहिल्या पावसापर्यंत शनिवार-रविवार रिकामा जात नाही.

स्कोररच्या टेबलाशेजारी खुर्ची मिळाली. स्कोरर म्हणजे विशीतला पोरगा. त्याच्या मोबाइलमध्ये सगळं होतं. कुणाचा स्ट्राइक रेट किती, कुणी कुठल्या बाजूला किती सिक्स मारले, दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत. मी विचारलं, "तो उंच पोरगा, फास्ट टाकतो तो, त्याने सकाळपासून किती बॉल टाकले?"

"या मॅचला?"

"नाही रे, सकाळपासून."

जवळच्या टाटांच्या वीजघराच्या सगळ्या युनिटचा हिशेब मागितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, प्रत्येकाला दोनच ओव्हर असतात."

घरून भाजलेल्या चिंचोक्यांची पुडी आणली होती. दातांनी अलीकडे सहकार्य काढून घेतल्यामुळे ते मोजण्याच्याच लायकीचे उरले होते. तेव्हा एका बॉलला एक चिंचोका, डाव्या खिशातून उजव्या खिशात. वाइड-नोबॉललासुद्धा एक, कारण वाइडचा रन समोरच्याला मिळत असला तरी पाठीला काही सूट मिळत नाही. दोन मॅचच्या मध्ये पोरगा बाजूला उभा राहून 'हात मोकळा' करत होता, त्यालाही एक.

पोराचं वय सोळा. रनअप बांधापासून. माइकवरचा गृहस्थ दर वेळी ओरडायचा, "येतेय, येतेय, डेक्कन क्वीन येतेय!" डेक्कन क्वीन भिवपुरीला थांबत नाही, हे त्यालाही ठाऊक असणार. पोरालाही कुणी थांबवत नव्हतं.

तीन मॅच संपल्या. ॲपमध्ये 6 ओव्हर. माझ्या खिशात 71 चिंचोके. छत्तीस सरळ बॉल, सात वाइड-नोबॉल, अठ्ठावीस हात मोकळा करण्याचे.

पाणी प्यायला तो टेबलाशी आला, तेव्हा डाव्या कमरेवर अंगठा दाबून उभा होता.

"काय रे, दुखतंय?"

"नाय काका, आखडलंय थोडं. सकाळी कडावला होतो ना. मामाच्या गावाकडून."

"तिकडे किती मॅच?"

"तीनच. दोन-दोन ओव्हर."

"आणि उद्या?"

"उद्या मुंबई. क्लबचं नेट आहे. लेदरवर."

त्याचे मित्र लगेच मदतीला धावले. एकाने विचारलं, "हात ओके आहे ना?" दुसऱ्याने खिशातून बामची डबी काढली. तिसऱ्याने सांगितलं की मेडिकलवाल्याकडे एक गोळी मिळते, घेतली की दोन तास काही कळत नाही. दोन तास काही न कळण्याचं औषध आपल्या क्रिकेटमध्ये पोरांना गोळीतून देतात. मोठ्यांना ते जन्मतःच मिळालेलं असतं.

आता ही डावी कमर. उजव्या हाताचा फास्ट बॉलर बॉल सोडताना डावा पाय आपटतो, तेव्हा अंगाच्या वजनाच्या पाच-सातपट धक्का त्या पायातून वर जातो. त्याच क्षणी कंबर मागे वाकते, बाजूला कलते आणि पिळतेही. सगळ्याचा भार कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मागच्या, बोटाएवढ्या हाडावर येतो, आणि उजव्या बॉलरचं हे हाड बहुतेक वेळा डावीकडेच तडकतं. सोळाव्या वर्षी उंची झपाझप वाढलेली असते, हाड मात्र अजून कच्चं. एका बॉलने काही होत नाही. तार वाकवून वाकवून तुटते तसं ते होतं, आणि तुटेपर्यंत त्याचं नाव 'आखडलंय' असतं. टेनिसचा बॉल हलका, म्हणून धोका नाही, असं मैदानावर सगळेच सांगतात. बॉल हलका आहे हे हाताला कळतं. डाव्या टाचेला कसं कळणार?

अमेरिकेत बेसबॉल नावाचा प्रकार आहे. त्यातला पिचर म्हणजे आपला बॉलरच, फक्त तो धावत येत नाही आणि कोपर वाकवून फेकतो. आपल्याकडे याला नोबॉल देतात, तिकडे कोट्यवधी डॉलर देतात. तिकडे पाठीआधी कोपर जातं. 1974 मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरचं कोपर गेलं, तेव्हा फ्रँक जोब या डॉक्टरने दुसऱ्या हाताचा स्नायुबंध काढून तिथे बसवला. टॉमी जॉन त्यानंतर 1989 पर्यंत खेळला, आणि ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. पुढे तिथल्या काही आईबापांना वाटू लागलं, की ते ऑपरेशन केलं की पोरगा आणखी जोरात टाकतो! म्हणजे आईबाप इथूनतिथून सारखेच.

पण अमेरिकन माणूस मोजतो. शाळकरी पोरांच्या लिटल लीगने 2007 पासून इनिंग मोजणं सोडून एकेक बॉल मोजायला सुरुवात केली. 2014 मध्ये तिथल्या व्यावसायिक लीगने नियमच छापले. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने दिवसाला जास्तीत जास्त 95 बॉल टाकायचे, आणि 75 च्या पुढे गेला तर पुढचे चार दिवस सुट्टी. वॉर्मअपचे बॉल तेही धरत नाहीत. तेवढ्यापुरते माझे चिंचोके अमेरिकेच्या पुढे.

इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानेही वर्षानुवर्षं तक्ता छापला. तेरा वर्षांखालच्याला एका दमात 5 ओव्हर, दिवसाला 10. सोळा वर्षांखालच्याला एका दमात 7, दिवसाला 18.

इथे प्रामाणिकपणे कबूल करतो, की तक्ता आठवल्यावर मी जरा ओशाळलो. पोराच्या दिवसाच्या झाल्या बारा ओव्हर. इंग्लंडच्या हिशेबाने अजून सहा शिल्लक. मी उगाच चिंचोके खर्ची घातले की काय?

पण त्याच तक्त्याच्या खाली आणखी एक ओळ असायची. सात दिवसांत चारच दिवस बॉलिंग, आणि सलग दोनच दिवस. पोराला मी आठवड्याचं वेळापत्रक विचारलं. त्याने बोटांवर मोजलं आणि बोटं संपली. शुक्रवारी रात्री नेरळकडे, शनिवारी कडाव आणि इथे, रविवारी मुंबईचं नेट, मंगळवार-गुरुवार कर्जतला सरांकडे. सरांना मुंबईचं माहीत नाही. मुंबईच्या कोचला कडाव माहीत नाही. मामाला फक्त मामाचं गाव माहीत आहे. प्रत्येकाच्या वहीत पोरगा ताजातवाना. तीन गावं, दोन कोच, पाच वह्या आणि पाठ एक. अशा वर्षभराच्या भाराचा हिशेब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पिचर पोरं तपासून मांडला आहे. वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ सामन्यांत बॉल टाकणाऱ्या पोरावर ऑपरेशनची पाळी येण्याची शक्यता पाचपट, आणि हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यावर छत्तीसपट. दिवाळी ते पहिला पाऊस म्हणजे सात महिने झाले. पावसाळ्यात मुंबईत कांगा लीग असतेच, 1948 पासून, चिखलात.

या पोराचा मालक कोण, हाही एक प्रश्नच आहे. रेल्वेच्या हिशेबाने तो मुंबईचा, कारण लोकल त्याच्या दारात येते. क्रिकेटच्या हिशेबाने रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे घाटाच्या वर. म्हणून पोरगा एकाच वेळी दोन्हीकडचं स्वप्न बघतो आणि दोन्हीकडचं नेट टाकतो. शिवाय किट घेऊन दोन तास लोकलमध्ये उभं राहणं जगातल्या कुठल्याही तक्त्यात धरलेलं नाही.

मोजायची आपल्याला सवय नाही असं मुळीच नाही. रन मोजायला सांगा, आम्ही झोपेत सांगू. याच कर्जत लाइनवर कल्याणला जानेवारी 2016 मध्ये प्रणव धनावडेने शाळेच्या मॅचमध्ये नाबाद 1009 काढले. सगळ्या जगात बातमी झाली. त्याच्या शाळेने 3 बाद 1465 वर डाव सोडला, तोवर 94 ओव्हर झाल्या होत्या. म्हणजे 564 बॉल, वाइड वेगळे. ते 564 बॉल कुणी टाकले? समोरच्या शाळेच्या पोरांनी. त्यांचे स्वतःचे डाव 31 आणि 52 वर आटोपले. 1009 कुणाचे ते विचारा, शेंबडं पोरही सांगेल. त्या बॉलरांपैकी एकाचं नाव सांगा पाहू. दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर कशी होती, हे विचारायला एकही कॅमेरा गेला नव्हता.

1988 ची आझाद मैदानावरची 664 ची भागीदारी तर पाठच असते. सचिन 326, कांबळी 349, दोघेही नाबाद. सेंट झेवियर्सकडून साईराज बहुतुलेने 27 ओव्हर टाकल्या, 182 दिल्या, विकेट शून्य. तो निदान पुढे कसोटी खेळला, म्हणून त्याचा आकडा तरी राहिला. आणि सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे आपला 'टायनी', रमाकांत देसाई. 1959 मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी, वय एकोणीस, लहान चणीचा देह, आणि त्याच्याकडून 49 ओव्हर टाकून घेतल्या. त्याने चार बळी घेतले, त्यामुळे आपण त्याला जिगर म्हणतो. बळी मिळाले नसते तर काय म्हटलं असतं, कोण जाणे.

उलट वर्कलोड मॅनेजमेंटचा, म्हणजे बॉलरवरचा भार सांभाळण्याचा, सर्वांत यशस्वी प्रयोग 1987 मध्ये चेन्नईला झाला. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिली तिथल्या पेस फाउंडेशनमध्ये आला होता. 1973 मध्ये त्याच्या स्वतःच्या कमरेचे मणके तडकले होते, त्यामुळे त्याला विषय कळत होता. मुंबईचा एक शाळकरी पोरगा फास्ट बॉलर व्हायला तिथे गेला, आणि त्याला सांगण्यात आलं, बाळा, तू बॅटिंगच कर. त्या सल्ल्याने सचिन तेंडुलकरची पाठ वाचली. जगातल्या बॉलरांची लागली, तो भाग वेगळा.

आपण हाडांचा एक्स-रे काढतच नाही असंही नाही. सोळा वर्षांखालच्या निवडीला मनगटाचा काढतात, पोराने वय चोरलंय का बघायला. मनगट तपासून झालं की मशीन बंद. तिथून वीतभर अंतरावर कंबर आहे, पण तिथे कुणी काही चोरलेलं नसतं ना.

मोठ्यांचं तरी कोण ऐकतं? मार्च 2024 मध्ये शार्दूल ठाकूर रणजीच्या सेमीफायनलच्या वेळी उघड बोलला, की तीन-तीन दिवसांच्या अंतराने अशा मॅच लावल्या तर पोरं जखमी होतील. तो भारताकडून खेळलेला बत्तीस वर्षांचा बॉलर, म्हणून बातमी झाली. पुढच्या हंगामात रणजी दोन टप्प्यांत घेतली. आमच्या पोराने हेच म्हटलं असतं तर त्याला म्हणाले असते, नखरे करतो. कमलेश नागरकोटी या फास्ट बॉलरला 2018 च्या आयपीएल लिलावात कोलकात्याने 3 कोटी 20 लाखांना घेतला, आणि तो 2018 ही खेळू शकला नाही, 2019 ही नाही. लिलावाच्या दिवशी त्याच्या हाडांना कुणी बोली लावली नव्हती.

इथे भिवपुरीला आंद्रा तलावाचं पाणी घाटावरून खाली आणून 1922 पासून वीज काढतात. शंभरी उलटली त्या वीजघराची. यंत्र किती फिरलं याची नोंद ठेवावी लागते, दुरुस्तीसाठी ते बंद ठेवावं लागतं, आणि बंद ठेवलं म्हणून त्याला कुणी घाबरट म्हणत नाही.

फायनल रात्री दीडला संपली. पोराच्या आणखी दोन ओव्हर, चौदा चिंचोके. खिसा 85 वर गेला. त्याची टीम जिंकली. 'बेस्ट बॉलर' म्हणून त्याचं नाव पुकारलं आणि बक्षीस दिलं ते बॅटचं. बॉलरला बॅट का, हे मी स्कोररला विचारलं. तो म्हणाला, "बॉल काय, तीस रुपयाला मिळतो."

पोरगा स्टेजवर गेला. पाहुण्यांच्या पाया पडताना तो कमरेत वाकला नाही. गुडघे दुमडून, उकिडवा बसून, आमच्या आजीसारखा पाया पडला आणि तसाच गुडघ्यावर हात देऊन उठला. पाहुण्यांना ते फारच आवडलं. माइक घेऊन म्हणाले, बघा, याला म्हणतात संस्कार.

खाली उतरला तसा त्याचा फोन वाजला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, कशेळ्याला कुठल्या तरी टीमला बॉलर कमी पडत होता. पोराने बॅट बगलेत धरली, अंगठा पुन्हा डाव्या कमरेवर ठेवला.

"उद्या? उद्या सकाळी मुंबई आहे ओ. संध्याकाळी येतो ना. दोनच ओव्हर आहेत ना?"